रेतीतली गाळाची साय

आर्वीकडचा एक मुलगा अमरावतीला भूशास्त्रात एम.एस्सी. करतो आहे. त्याने मला तीन गोष्टी विचारल्या, त्या त्याच्याच शब्दांत देतो: "काका, औंदा बाबांनी विहिरीत आडवं बोर मारलं. शंभर फूट गेलं, पाणी नाही. तुम्ही तर तेलाच्या विहिरी हजार-हजार फूट आडव्या नेल्या, त्याही वाफ सोडून तापवलेल्या जुन्या क्षेत्रात. वर्षानुवर्षं वाफ मारल्यावर तिथे तेल उरतंच कुठे? आडवं जाताना ते कुठे आहे हे कळतं कसं? आणि आमचं बोर कशानं फसलं?"

बोराचं शेवटी सांगतो. पहिली दोन उत्तरं नीट वाचलीस तर तिसरं अर्धं तुझं तुलाच सापडेल.

तेल रेतीत असतं हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून या कामात नवा आलेला प्रत्येक जण रेतीचे नकाशे काढत बसतो. पहिली चार वर्षं मीही तेच केलं. ताज्या साठ्यात ते चालून जातं. पण जिथे वीस-तीस वर्षं वाफ घातली आहे, तिथे रेतीच्या नकाशावर आडवी विहीर आखणं म्हणजे मटक्याचा आकडा लावणं. तिथे नकाशा काढायचा तो रेतीत अडकलेल्या गाळाच्या पातळ थरांचा. हे थर कुठे वीतभर, कुठे पुरुषभर जाडीचे असतात. वाफ कुठे अडली, कुठून निसटली, तेल कशाच्या आडोशाला राहिलं, हे सगळं त्यांच्यावर ठरतं. तीस वर्षांत मी जे काही शिकलो ते एवढंच, बाकीचा तपशील आहे. पण मजा तपशिलातच आहे, म्हणून बैस जरा.

आधी वाफ कशाला घालतात ते. जड तेल म्हटलं की पेट्रोल पंपावरचं काही डोळ्यासमोर आणू नकोस, पौषातल्या सकाळची काकवी आण. कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळचं कर्न रिव्हर क्षेत्र १८९९ मध्ये सापडलं, तेही हाताने खणलेल्या विहिरीत. तेल उथळ होतं, रेती उत्तम होती, तरी पहिली साठ वर्षं त्यातलं फार थोडं वर आलं. साठ्याचं मूळ तापमान तीस-बत्तीस अंश, आणि त्या तापमानाला ते तेल पाण्यापेक्षा काही हजार पट घट्ट. तेच सव्वाशे अंशांपर्यंत तापवलं की वीस-पंचवीस पटींवर येतं. १९६० च्या दशकात तिथे वाफ सुरू झाली आणि मरायला टेकलेलं क्षेत्र पुन्हा उभं राहिलं. आजवर तिथून दोन अब्ज पिंपांहून जास्त तेल निघालं आहे.

विहिरीत वाफ घालून त्याच विहिरीतून तेल काढायची युक्ती तर अपघाताने सापडली. व्हेनेझुएलात मेने ग्रांदे इथे १९५९ मध्ये शेल कंपनीची माणसं वाफ सोडत होती, ती जमीन फोडून वर आली. दाब उतरवायला त्यांनी वाफेच्याच विहिरी उलट्या उघडल्या, आणि ज्यांतून वाफ घालत होते त्यांतून तेल यायला लागलं. इंडोनेशियातलं दुरी हे दुसरं मोठं नाव. १९४१ मध्ये सापडलेल्या या क्षेत्रात १९८५ पासून मोठ्या प्रमाणावर वाफ घातली गेली, आणि जगातल्या सर्वांत मोठ्या वाफ-प्रकल्पांत त्याची गणना होते.

गरम पाणी का नाही चालत, हा प्रश्न तुझ्या डोक्यात येईलच. दहा बार दाबाला एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे २००० किलोज्यूल उष्णता सुटते, आणि त्या वेळी तापमान एका अंशानेही उतरत नाही. उष्णतेची खरी पुंजी वाफेत आहे, पाण्यात नाही. हा 'तापमान उतरत नाही'वाला मुद्दा लक्षात ठेव, पुढे कामाला येणार आहे.

आता वाफ खाली गेल्यावर काय करते? ती हलकी, त्यामुळे वर चढते. थर जाड असला तर ती रेतीच्या माथ्याशी जाऊन पसरते आणि उत्पादक विहिरींकडे वरच्यावर धाव घेते. वरचा भाग धुऊन निघतो, तिथे तेल दहा-पंधरा टक्क्यांवर येतं. खालचा भाग तापतो, पण धुतला जात नाही. चाळणीत फुणके वाफवायला ठेवले आणि मध्ये दाबून भरले, तर वाफ कडेच्या फटींतून निघून जाते आणि मधले कच्चे राहतात. साठ्याचंही तसंच, फक्त तिथे फटी आणि दाबून भरलेला भाग आपण नाही, नदीने ठरवलेला असतो, काही दशलक्ष वर्षांपूर्वी.

म्हणून नदीकडे चल. तुझ्या गावापासून वर्धा नदी लांब नाही. फाल्गुन-चैत्रात रेती घाटावर जिथे ट्रॅक्टरवाल्यांनी रेती उकरून उभी भिंत केली असेल तिथे जा. तळाला जाड रेती आणि बारीक गोटे दिसतील. त्यावर तिरप्या रेघांची रेती, म्हणजे पुराच्या पाण्याने पुढे ढकललेले ढीग. वर जावं तशी रेती बारीक होत जाते आणि सगळ्यात वर बोटभर गाळ, पूर ओसरताना साचून राहिलेल्या पाण्यातून खाली बसलेला. दुधावर साय धरते तसाच. उन्हाने तो भेगाळतो आणि त्याच्या कडा वर वळतात. लहानपणी आम्ही त्या पापड्या उचलून एकमेकांना मारायचो.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला पूर येतो. तो काय करतो? जिथे धार जोराची तिथे ती साय खरवडून नेतो आणि नवी रेती थेट जुन्या रेतीवर टाकतो. जिथे धार मंद तिथे साय तशीच राहते आणि तिच्यावर रेती बसते. असं हजारो वर्षं चाललं की शेकडो फूट रेती साचते आणि तिच्यात गाळाचे तुकडे-तुकडे राहतात, कुठे वावराएवढे, कुठे खळ्याएवढे, कुठे नुसते अंथरुणाएवढे. कर्न रिव्हरची रेती अशीच सिएरा नेवाडा डोंगरातून उतरलेल्या नद्यांनी टाकलेली आहे. वावराएवढा तुकडा वाफेला छत होतो. खळ्याएवढा नुसता अडसर, वाफ त्याला वळसा घालते. आणि दोन तुकड्यांमध्ये पुराने खरवडलेली जागा ही खिडकी, तिच्यातून वाफ वरच्या रेतीत निसटते. चार माणसं बसून आठवडाभर वाद घालतात की या दोन विहिरींमधला गाळ एकच आहे की मध्ये खिडकी आहे. बाहेरच्याला तो वेडेपणा वाटतो. पण त्या एका खिडकीवर आडवी विहीर तेल देणार की वाफ ओकणार, हे ठरतं.

आता यातली माझी आवडती गोष्ट. गाळाचा थर वाफ अडवतो, पण उष्णता अडवत नाही. तव्यातून आच भाकरीपर्यंत पोचतेच ना? वर वाफ असली की छताखालचं तेल हळूहळू तापतं, खालच्या रेतीत वाफ असली की वरच्या रेतीचा तळ तापतो. वर्षं लागतात, पण जुन्या क्षेत्राकडे वर्षंच भरपूर असतात. परिणामी छताच्या आडोशाला असं तेल उरतं, जे तापून पातळ झालं आहे आणि ज्याला ढकलायला कुणी आलं नाही. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच. उभी विहीर त्यातलं जेमतेम कडेचं घेते, कारण ती त्या थराला चार-पाच मीटर लांबीतच भेटते. आडवी विहीर त्याच थरात चारशे मीटर झोपते, आणि तेल आपल्या वजनाने तिच्यात उतरतं.

कुठे झोपवायची? तळाशी, खालच्या गाळापासून मीटर-दीड मीटर वर. विहिरीच्या खाली राहिलेलं तेल कायमचंच गेलं, म्हणून जितकं खाली जाता येईल तितकं जायचं. आणि दिशा थराच्या उताराला काटकोनात. कर्न रिव्हरचे थर साधारण चार अंश उतरतात. हे ऐकायला काहीच वाटत नाही, पण उताराच्या दिशेने पाचशे मीटर गेलास तर तेवढ्यात थर पस्तीस मीटर खाली जातो. आपली रेती आठ-दहा मीटरची. शिवाय तापलेलं तेल उताराकडे पाझरत राहतं, त्यामुळे एकाच थरात वरच्या अंगाला रेती कोरडी होत जाते आणि खालच्या अंगाला तेल जमतं. आपल्याकडे धुऱ्याच्या खालच्या अंगाला ओल राहते तसं.

सगळ्याच नद्या वर्धेसारख्या वागत नाहीत हेही ध्यानात घे. कॅनडात अल्बर्टा प्रांतातल्या मॅकमरे थरांत वळणावळणाच्या मोठ्या नद्यांचा गाळ आहे. वळणाच्या आतल्या काठावर रेती आणि चिखल आलटून पालटून तिरपे बसतात, घसरगुंडीवर पोती रचावी तसे. तिथे आडवी विहीर दर काही मीटरला एकेक चिखलाची फळी फोडत जाते आणि वाफेला वर चढताना प्रत्येक फळीशी झगडावं लागतं. तिथली आणखी एक गंमत: नदीचा काठ कोसळला की चिखलाचे गोळे रेतीत पडतात. खडकातून निघणारे गॅमा किरण मोजणाऱ्या विहिरीतल्या गॅमा यंत्राला ते सलग चिखलासारखे दिसतात, पण गोळ्यांमध्ये रेती असते आणि तिच्यातून वाफ आरामात जाते. कागदावर भिंत दिसते आणि प्रत्यक्षात ते कुडाचं दार असतं. खडकाचा गाभा, म्हणजे कोअर, काढून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हा फरक कळत नाही. कोअरला पैसे नाहीत म्हणणाऱ्या साहेबांशी मी आयुष्यभर भांडलो ते यासाठी.

दोन आडव्या विहिरी एकीखाली एक, मध्ये पाचेक मीटर, वरच्या विहिरीत वाफ आणि खालच्या विहिरीतून तेल, ही रीत कॅनडातले इंजिनिअर रॉजर बटलर यांनी मांडली, आणि ती पहिल्यांदा नीट करून पाहिली अल्बर्टातल्याच फोर्ट मॅकमरेजवळ, १९८७ मध्ये. हे तुझ्या बाबांना वाचून दाखव. तिथे तेलाच्या रेतीखालच्या चुनखडकात कुवे उतरवले, बोगदे खणले, आणि बोगद्यात उभं राहून वरच्या रेतीत आडव्या विहिरी मारल्या. म्हणजे विहिरीत उतरून आडवं बोर मारणंच, फक्त थाट मोठा! रशियातल्या यारेगाला तर तेलाच्या खाणी आहेत. माणसं खाली उतरतात, आणि १९७० च्या दशकापासून तिथे बोगद्यांतून वाफ सोडून तेल झिरपवतात.

आता दुसरा प्रश्न, कळतं कसं.

आडवी विहीर मारण्याआधीच नव्वद टक्के कळलेलं असावं लागतं. जुन्या क्षेत्राचा फायदा हा, की तिथे शे-शंभर मीटरवर एकेक उभी विहीर असते आणि प्रत्येकीचा लॉग, म्हणजे यंत्राने खोलीनुसार मोजलेल्या आकड्यांचा आलेख, असतो. त्यावरून गाळाचा एकेक थर विहिरीमागून विहीर जुळवायचा. यात गॅमा किरणांवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं की चिखलात पोटॅशियम जास्त, म्हणून गॅमा जास्त. पण ग्रॅनाइटच्या डोंगरातून आलेल्या रेतीत फेल्डस्पार हे खनिज भरपूर असतं आणि त्यातही पोटॅशियम असतं, त्यामुळे चांगली रेतीसुद्धा चिखलासारखी दिसते. आपल्या काळ्या पाषाणावर यंत्र ठेवलंस तर आकडा इतका कमी येईल की यंत्र बिघडलं वाटेल. रेती कुठल्या डोंगराची, हे आधी विचारायचं.

मग प्रतिरोधकता, म्हणजे रेझिस्टिव्हिटी. ती तुला माहीत आहे, आपल्याकडे पाण्याचा सर्व्हे करणारेही तीच मोजतात. तेल वीज वाहत नाही, खारं पाणी वाहतं, त्यामुळे आकडा मोठा तर तेल, छोटा तर पाणी. हे ताज्या साठ्यात. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात सर्व्हेवाल्यांची कशी फसगत होते ते तू ऐकलं असशील. खाऱ्या पाण्याने भरलेली रेती आणि चिकणमाती दोन्ही सारख्याच कमी आकड्याच्या दिसतात. वाफेच्या क्षेत्रात फसगत उलट्या बाजूने होते. वाफ थंड होऊन जे पाणी होतं ते ऊर्ध्वपातित, मीठ नसलेलं. रेतीतलं तेल निघून गेलं आणि जागा या गोड्या पाण्याने घेतली, तरी आकडा मोठाच राहतो. वर तापमानाचा गोंधळ, गरम पाणी वीज जास्त वाहतं, म्हणून आकडा उतरतो. आणि छिद्रांत नुसती वाफ असेल तर आकडा पुन्हा वर. एकाच आकड्यामागे तीन कहाण्या.

यात मी फसलो आहे. क्षेत्राचं नाव सांगत नाही, कंपनीचंही नाही. नव्या उभ्या विहिरीच्या लॉगवर सात मीटर रेतीत झकास मोठा आकडा दिसला. सगळ्यांनी मान डोलावली, माझी सगळ्यांत आधी डोलली. आडवी विहीर त्यात अचूक नेली, इंचभर चुकली नाही. पंप सुरू केला तर स्वच्छ गरम पाणी, चहा टाकावा इतकं स्वच्छ, आणि नावाला तेल. आम्ही धुऊन निघालेल्या रेतीत चारशे मीटर झोपलो होतो. खरं दुखलं ते पुढे. सत्तर मीटरवर तापमान बघायची एक विहीर होती, तिचा आलेख माझ्या टेबलावर दोन आठवडे पडून होता. त्यावर सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी तो 'तापमानवाल्यांचं काम' म्हणून बाजूला सारला होता.

तर तो आलेख वाचायचा कसा ते शीक, पुस्तकात फारसं नसतं. वाफ ज्या थरात आहे तिथे तापमान सपाट होतं, पाच-सात मीटर एकच आकडा, कारण वाफेचं तापमान दाबाला बांधलेलं असतं. मघाशी म्हटलं ते हेच. आलेखावर हे सपाट पठार दिसलं की तिथे वाफ आहे, तिथे जाऊ नकोस. त्याच्या वर आणि खाली आकडा वळण घेत उतरतो, ती खडकातून पसरलेली उष्णता. आणि मध्येच कुठे पठार नसलेली, गोलसर टेकडी दिसली, म्हणजे थर तापला आहे पण वाफ आत शिरलेली नाही, तर तिथे बोट ठेव आणि लॉग काढ. तिच्या वर किंवा खाली गाळाची साय सापडेल. तापलेलं, न धुतलेलं तेल बहुतेक वेळा तिथेच असतं. खात्रीसाठी केसिंगच्या, म्हणजे विहिरीत बसवलेल्या लोखंडी नळीच्या, आतूनच कार्बन-ऑक्सिजन लॉग घ्यायचा. तो तेलातला कार्बन आणि पाण्यातला ऑक्सिजन मोजतो, मिठाशी त्याचं देणंघेणं नाही. रेतीत तीस टक्के पोकळी असेल तर तो चांगलं सांगतो. आणि न्यूट्रॉन व घनता या दोन लॉगांचे आकडे एकदम पडले तर छिद्रांत वाफ किंवा हवा.

एवढं झालं की मग रिग, म्हणजे विहीर मारायचं यंत्र. इथे लोकांना वाटतं की टोकाला कॅमेरा असतो आणि आम्ही बघत बघत जातो. मोजणारी यंत्रं बिटच्या, म्हणजे खडक कापणाऱ्या टोकाच्या, दहा-पंधरा मीटर मागे असतात. गाळात शिरल्याचं कळतं तेव्हा बिट गाळात बारा मीटर पुढे गेलेला असतो. बैलगाडीत मागे तोंड करून बसायचं आणि मागे पडलेल्या चाकोरीकडे बघून बैल हाकायचे, तसं ते आहे. त्यात कोनाची चूक. पाव अंश चूक धरली तरी चारशे मीटरमध्ये विहीर पावणेदोन मीटर वर किंवा खाली सरकते, आणि आपल्याला तळापासून मीटर-दीड मीटरवर राहायचं आहे. त्यात जुन्या क्षेत्रात चहूबाजूंनी जुन्या विहिरींचं लोखंड, त्यामुळे चुंबकीय दिशा भरकटते. शंका आली की जायरो घालायचा, तो चुंबकाशिवाय दिशा सांगतो. दुसऱ्याच्या केसिंगवर आदळण्यापेक्षा दिवस वाया गेलेला बरा.

उथळपणाचाही त्रास असतो. रेती तीनशे मीटर खोल आणि विहीर दर तीस मीटरला दहा अंश वळवली, तर वळणाची त्रिज्या सुमारे एकशे सत्तर मीटर. म्हणजे सव्वाशे-एकशे तीस मीटरवरच वळायला सुरुवात करावी लागते, आणि वरचे पाइप इतके थोडे असतात की बिटवर वजन पडत नाही. म्हणून अशा ठिकाणी रिगच तिरपी उभी करतात.

आडवं चालू असताना मी तीन गोष्टी बघायचो. खालच्या थराची हद्द चार-पाच मीटरवरून जाणवून देणारं रेझिस्टिव्हिटीचं यंत्र. बिटचा वेग, कारण सुट्ट्या रेतीत तो लोण्यासारखा जातो आणि गाळात अडखळतो. आणि तिसरी, चाळणीवर आलेला चुरा. तो चिमटीत घेऊन धुवायचा आणि दाताखाली धरायचा. करकरला तर बारीक रेतीमिश्रित गाळ, गुळगुळीत लागला तर चिकण. तेलकट असतो, पोरं तोंड वाकडं करतात. पण यंत्राचा आकडा येण्याआधी माझ्या दातांना कळलंय, असं दोनदा झालं आहे.

गाळ लागला की घाबरून विहीर एकदम वर उचलायची नाही. ही चूक नवे लोक हमखास करतात. विहीर वर जाते, मग खाली आणतात, मग पुन्हा वर, आणि शेवटी सापासारखी विहीर तयार होते. तिच्या खोलगट जागी पाणी आणि रेती साचते. अंशभर उचल आणि तीस मीटर थांबून बघ. छोटा तुकडा असेल तर पलीकडे रेती येते. आली नाही तर तिथेच थांब. मी एकदा साडेतीनशे मीटरवर विहीर बंद केली, ठरलं होतं पाचशे. वरच्या साहेबांनी दीड तास फोनवर झापलं. विहीर वर्षानुवर्षं चालली, हे सांगायला नंतर कुणी फोन केला नाही.

गरमीचं थोडक्यात. खाली जाताना वाफेचा थर पार करावा लागला तर दोन गोष्टी एकदम होतात. तिथला दाब कमी, म्हणून आपला मड, म्हणजे विहीर मारताना आत फिरवत ठेवायचा चिखलाचा द्रव, रेतीत निघून जातो. आणि जो परत येतो तो इतका तापलेला, की वर दाब उतरताच उकळून फुटतो. त्याला गॅस समजून पळापळ करणारे मी पाहिले आहेत, ती आपल्याच मडची वाफ असते. यंत्रांतलं इलेक्ट्रॉनिक्स साधारण दीडशे अंशांपर्यंतचं, मड फिरत असेपर्यंत ते थंड राहतं, पंप थांबला की तापत जातं. साधं सिमेंट एकशे दहा अंशांच्या वर कालांतराने भुसभुशीत होतं, म्हणून त्यात पस्तीस-चाळीस टक्के सिलिकाची पूड घालतात. आणि पाचशे मीटर लोखंडी केसिंग दोनशे अंशांनी तापलं तर ते सव्वा मीटरच्या आसपास वाढायला बघतं. त्याला वाढू द्यायचं की ताणून बांधायचं, हे इंजिनिअर लोक ठरवतात, पण खडक किती धरून ठेवेल हे आपल्याला विचारतात.

सगळ्यात वरच्या छताकडे तर कायम लक्ष हवं. अल्बर्टात जॉस्लिन इथे २००६ च्या मे महिन्यात वाफेने छत फोडलं आणि जमिनीवर मोठा खड्डा पाडून ती बाहेर आली. साठा उथळ होता. त्यानंतर तिथे छताचा खडक किती दाब सोसेल, याकडे सगळेच जास्त बारकाईने पाहू लागले.

नोकरीचं तू विचारलं नाहीस, पण मनात असेल. विदर्भात तेल निघत नाही, आपल्याकडे वर काळा पाषाण आणि वणी-चंद्रपूरला कोळसा. देशात जड तेलाचं काम गुजरातेत मेहसाण्याकडे आहे. बलोल आणि संथाळला ओएनजीसीने वाफेऐवजी साठ्यात हवा सोडून तेलाचा थोडा भाग तिथेच पेटवायची रीत वापरली. राजस्थानात बाघेवालाला ऑइल इंडियाने त्याच विहिरीत वाफ घालून त्याच विहिरीतून तेल काढायची रीत वापरली. दोन्हीकडे गाळाचा हिशेब करणारा माणूस लागतोच.

आता बाबांचं बोर. तू पाठवलेल्या फोटोत विहिरीच्या भिंतीला बत्तीस-तेहतीस फुटांवर लाल गेरूचा हातभर पट्टा आहे. तो म्हणजे एका लाव्हाच्या थराचा माथा, पुढचा लाव्हा येईपर्यंत उघडा पडलेला, कुजलेला आणि मग भाजलेला. वरच्या काळ्या पाषाणात उभ्या भेगा दिसतात, पाणी त्यांतून उतरतं आणि गेरूवर येऊन थांबतं. फोटोत गेरूच्या वरची किनार ओली आहे, खालचा मांजऱ्या, म्हणजे पोकळ्यांचा खडक, कोरडा. तुमचा मशीनवाला तळाला फळ्या टाकून सोयीने बसला आणि त्याने बोर गेरूच्या चार फूट खाली घेतलं. तिथल्या खडकातल्या पोकळ्या पांढऱ्या खड्यांनी भरलेल्या दिसतात, पाणी जायला वाटच नाही. गेरू म्हणजे तुमच्या विहिरीतली गाळाची साय. तुमचं पाणी तिच्यावर आहे आणि बोर तिच्याखाली.

मी जागेवर आलेलो नाही, तेव्हा पुन्हा खर्च करण्याआधी एक कर. चैत्रात पाणी तळाला गेलं की सकाळी दोर बांधून खाली उतर, सोबत कुणीतरी वर असू दे. गेरूच्या वरच्या किनारीवर जिथे जिथे ओल पाझरते तिथे चुन्याने खुणा कर आणि आठ दिवसांनी पुन्हा बघ, कोणती खूण अजून ओली आहे. बोर त्या खुणेवर, गेरूच्या फूटभर वर, पुढचं टोक किंचित चढतं ठेवून, म्हणजे पाणी आपोआप विहिरीत येईल. आणि भिंतीतल्या उभ्या भेगा कोणत्या दिशेला जातात ते होकायंत्राने मोजून ठेव. बोर त्यांना आडवं कापत गेलं पाहिजे, भेगांच्या दिशेने नेलंत तर दोन भेगांच्या मधल्या कोऱ्या पाषाणातून शंभर फूट जाल आणि पुन्हा कोरडेच परत याल. मोजमापं पाठव. मशीनवाल्याशी बोलायचं असेल तर मी बोलतो.